अठ्ठावीसवर कोण आहे?

(दृश्य: पवई, जुलै. काचेवर पावसाच्या धारा. आत पंपाची घरघर.)

बाहेर हवा पाण्याने जड झालेली, आणि या स्टीलच्या चेंबरमध्ये मात्र हवाच नको आहे. पंप रात्रभर चालू आहेत. तरी आत उरलेल्या रेणूंचं वजन ताडणाऱ्या यंत्राच्या, मास स्पेक्ट्रोमीटरच्या, पडद्यावर १८ या वजनापाशी सुळका उभाच. ते पाणी आहे. चेंबर उघडलं की दमट हवेतली वाफ भिंतींना चिकटते. मग बेक केल्याशिवाय, म्हणजे चेंबर तापवल्याशिवाय, ती लवकर सुटत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम जरा जास्तच लांबतं.

पण मास स्पेक्ट्रोमीटरला हे पाणी दिसलं कसं? रेणूवर विद्युतभार नसेल, तर विद्युतक्षेत्राने त्याला वेग देता येत नाही, चुंबकाने वळवता येत नाही. म्हणजे आधी त्याला भार हवा.

(दृश्य: तापलेलं फिलामेंट, अगदी जवळून.)

ही टंगस्टनची तार, जुन्या पिवळ्या बल्बमध्ये असायची तशी. तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ७० व्होल्ट लावून त्यांना वायूतून पलीकडे धाडतात. छोटी चुंबकं त्यांची वाट मळसूत्री करतात, म्हणजे वाटेत रेणू गाठ पडण्याची शक्यता वाढते. तरी सापडतो तो फार तर हजारात एखादा रेणू. बाकीचे तसेच पंपात जातात.

जो सापडतो, त्याचा एक इलेक्ट्रॉन उडतो. येणारा इलेक्ट्रॉन रेणूला चिकटत नाही बरं का. तो धक्का देऊन पुढे जातो. मागे राहतो धन आयन, म्हणजे धन भाराचा रेणू.

नायट्रोजनला यासाठी १५.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (एका व्होल्टने एका इलेक्ट्रॉनला मिळते तेवढी ऊर्जा म्हणजे एक) पुरतात, पाण्याला १२.६. मग ७० कशाला? एक तर या सुमाराला आयन भरपूर मिळतात. शिवाय सगळेच ७० वापरतात, त्यामुळे ट्रॉम्बेत काढलेला आलेख परदेशातल्या आलेखाशी ताडता येतो. आणि वरच्या ऊर्जेने रेणू फुटतात. खरी गंमत या मोडतोडीतच आहे.

(दृश्य: पडद्यावर २८चा सुळका.)

हा नायट्रोजन, की कार्बन मोनॉक्साइड? दोघंही २८. साध्या यंत्राला फरक कळत नाही. पण नायट्रोजन फुटला की तुकडा १४वर येतो, कार्बन मोनॉक्साइडचा ठळक तुकडा १२वर. इथे १४ आहे. ३२वर ऑक्सिजन आहे, ४०वर बारीकसा आरगॉनही. म्हणजे बाहेरची हवा कुठून तरी आत शिरते आहे.

आता यंत्र ४वर, म्हणजे हेलियमच्या वजनावर, लावायचं आणि एकेका जोडावर बाहेरून हेलियम सोडायचा. सुळका उसळला, की त्या जोडाचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी चकती, बदलायचं.