गांधीलमाश्यांच्या घरात राहणारी माशी : व्होल्युसेला

नमस्कार. पडद्यावरचा हा कीटक अंगाजवळ आला, तर बहुतेक जण घाबरून मागे सरतील. सुमारे २ सेंटिमीटर लांबीचे शरीर, पोटावर पिवळे-काळे पट्टे आणि उडतानाची मोठी गुणगुण यांमुळे ही युरोपातली हॉर्नेट, म्हणजे मोठी गांधीलमाशीच आहे असे वाटते. प्रत्यक्षात ही नांगी नसलेली, फुलांवर जगणारी हॉवरफ्लाय, म्हणजे हवेत एका जागी तरंगू शकणारी माशी आहे आणि तिचे नाव व्होल्युसेला झोनारिया. पंख नीट पाहा: गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. तिच्या आखूड शृंगिकेवर पिसासारखा एक केसही दिसेल; ती व्होल्युसेला या प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या या गटाची, चांगली खूण आहे.

या गटातल्या बहुतेक माश्यांच्या अळ्या गांधीलमाश्यांच्या किंवा बंबल-बी या जाड, केसाळ मधमाश्यांच्या पोळ्यांत वाढतात. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या अनेक निसर्गाभ्यासकांना वाटले, की पहारेकऱ्यांना फसवून आत शिरण्यासाठीच हे सोंग आहे. हा तर्क आकर्षक असला, तरी मला तो टिकणारा वाटत नाही, कारण याच प्रजातीतली व्होल्युसेला पेल्युसेन्स काळी असून तिच्या पोटावर रुंद पांढरा पट्टा असतो. ती गांधीलमाशीसारखी मुळीच दिसत नाही, तरीही जमिनीखालच्या पोळ्यात शिरून त्याच्या कागदी आवरणावर अंडी घालते.

व्होल्युसेला बॉम्बिलन्स तर केसाळ बंबल-बीसारखी दिसते आणि तिची दोन ठळक रूपे आहेत: एक पांढऱ्या शेपटीच्या बंबल-बीसारखे, दुसरे तांबड्या शेपटीच्या. पण ज्या बंबल-बीचे रूप घेतले, तिच्याच पोळ्यात ती अंडी घालते असे नाही. शिवाय पोळ्याच्या आत अंधार असतो. तिथे रंगाला काय किंमत? हे सोंग उजेडात शिकार करणाऱ्या पक्ष्यांसाठी आहे, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

मग आत त्या टिकतात कशा? फ्रान्समधले निरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांनी गांधीलमाश्यांच्या पोळ्यांत या अळ्यांकडे बारकाईने लक्ष दिले. बाहेरून आत टाकलेल्या इतर कीटकांच्या अळ्यांवर गांधीलमाश्या तुटून पडत, व्होल्युसेलाच्या अळ्यांना मात्र त्या निर्धोक फिरू देत. या अळ्या पोळ्याच्या तळाशी पडलेली घाण, मेलेल्या अळ्या आणि मेलेल्या गांधीलमाश्या खातात, म्हणजे एका परीने घराची सफाईच करतात. सगळ्याच मात्र इतक्या निरुपद्रवी नाहीत. व्होल्युसेला इनॅनिसची चपटी अळी गांधीलमाशीच्या अळीच्या कप्प्यात, तिच्या अंगालगत शिरते आणि तिलाच खाते. त्या अरुंद जागेसाठीच जणू तिचे शरीर घडले आहे! आणि व्होल्युसेला इन्फ्लाटा ही पोळ्यांकडे फिरकतच नाही. तिच्या अळ्या झाडाच्या जखमेतून पाझरणाऱ्या रसात वाढतात.

झोनारियाचे ब्रिटनमधले आगमन अलीकडचे आहे. १९०१ मधल्या तुरळक नोंदींनंतर १९४० च्या दशकात ती दक्षिण इंग्लंडमध्ये स्थिरावली. आपल्यापैकी जे लंडनमध्ये राहतात, त्यांना ती उन्हाळ्याच्या उत्तरार्धात बागेतल्या बडलियाच्या जांभळ्या तुऱ्यांवर मध पिताना दिसू शकेल. कृपया तिला मारू नका. शरद ऋतूत गांधीलमाश्यांची वसाहत मरून पोळे रिकामे होते, तेव्हा तिच्या पूर्ण वाढलेल्या अळ्या खालच्या मातीत उतरून हिवाळा काढतात आणि पुढच्या वर्षी कोषातून नव्या माश्या बाहेर पडतात.