कुलूप नसलेली पांढरी सायकल

श्रोतेहो, नमस्कार. महानगरांत सायकल वाढावी, असे म्हटले की बोलणे आरोग्याकडे आणि धुराकडे वळते. ते आपण सारे जाणतो, म्हणून आज मी एका कुलपाची हकीकत सांगणार आहे.

साल १९६५. ॲमस्टरडॅममधील कालव्यांकाठचे अरुंद रस्ते मोटारींनी भरू लागले होते. तेव्हा ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या गटाने एक योजना मांडली. तिची कल्पना लूड स्खिमेलपेनिंक यांची होती आणि ती अगदी साधी होती. नगरपालिकेने सायकली विकत घ्याव्यात, त्यांना पांढरा रंग द्यावा आणि कुलूप न लावता त्या रस्त्यावर ठेवाव्यात. ज्याला जायचे असेल त्याने सायकल घ्यावी, मुक्काम आला की तिथेच सोडावी आणि पुढच्या माणसाने तीच उचलावी. नगरपालिकेची वाट न पाहता या तरुणांनी स्वतःच काही सायकली रंगवल्या आणि लोकांसाठी रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण सायकल कुलपाविना सोडणे नियमाविरुद्ध होते. मग तरुणांनी काय करावे? त्यांनी सायकलींना आकड्यांची कुलपे लावली आणि ती उघडण्याचे आकडे त्याच सायकलींवर रंगवून टाकले! नियमही पाळला गेला आणि सायकलही सर्वांची राहिली.

ही गोष्ट मला फार प्रिय आहे. ती योजना तेव्हा टिकली नाही हे खरे; परंतु सायकल एकाच्या मालकीची नसून शहराच्या मालकीची असू शकते, हा विचार त्या पांढऱ्या रंगाने पेरला. पुढे १९९५ मध्ये कोपनहेगनने नाणे घालून सोडवायच्या सायकली ठेवल्या. सायकल परत जागेवर लावली की नाणे परत मिळे. पण नेणारा कोण, हे कळत नसल्याने अनेक सायकली हरवल्या. १९९८ मध्ये फ्रान्सच्या रेन शहराने कार्ड आणले आणि सायकल घेणाऱ्याची नोंद राहू लागली. जुलै २००७ मध्ये पॅरिसने ‘वेलिब’ ही भाड्याच्या सायकलींची योजना सुरू केली आणि जगभरच्या शहरांचे लक्ष तिकडे गेले.

पॅरिसच्या योजनेतील एक गोष्ट नीट ऐकावी. तिथे पहिल्या अर्ध्या तासाचे वेगळे भाडे पडत नसे आणि त्यानंतर दर चढत जाई. पहिला अर्धा तास मोकळा, पुढचा वेळ महाग. रहिवाशाला स्थानकापासून कचेरीपर्यंतच जायचे असते, त्याला अर्धा तास पुरतो आणि सायकल लगेच दुसऱ्याच्या हाती जाते. पर्यटकाला मात्र ती दिवसभर हवी असते, म्हणून त्याच्यासाठी दिवसाच्या भाड्याची निराळी सोय असावी. दोघांना एकाच दराने बांधू नये. मोंमार्त्रच्या टेकडीवरून लोक सायकलने उतरत, पण चढून कोणी परत येईना. तेव्हा उंचावरच्या सायकल-स्थानकांत सायकल आणून लावणाऱ्याला पंधरा मोफत मिनिटे वाढवून मिळू लागली. माणसाचा स्वभाव ओळखून केलेल्या अशा नियोजनाबद्दल मला आदर वाटतो.

तरीही, श्रोतेहो, रस्ता सुरक्षित नसेल तर उत्तम सायकलही उभीच राहते. रस्त्याच्या कडेला रंगाची एक रेघ ओढून तिला सायकलमार्ग म्हणणे मला मुळीच मान्य नाही, कारण त्या रेघेवर थोड्याच वेळात मोटार उभी राहते आणि सायकलस्वार भर वाहतुकीत ढकलला जातो. मार्ग कठड्याने वेगळा हवा, आणि तो चौकातही तुटता कामा नये. चौकातही तुटता कामा नये, हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो, कारण वळणाऱ्या वाहनांशी सायकलस्वाराची गाठ तिथेच पडते. अनोळखी रस्त्यावरच्या पाहुण्याला तर ठळक पाट्या आणि सलग मार्ग यांवाचून दुसरा आधार नसतो.

असे मार्ग बांधायला वर्षे लागतात. कोलंबियातील बोगोटा शहरात मात्र १९७४ पासून चालत आलेल्या प्रथेनुसार, दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन या वेळेत शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते मोटारींना बंद ठेवून सायकलस्वारांना आणि पायी चालणाऱ्यांना दिले जातात. तिथे लहान मुले हमरस्त्यावर सायकल शिकतात आणि परगावचा पाहुणाही न भिता त्यांच्यात मिसळतो. कोणत्याही महानगराला एका रविवारी, एका रस्त्यावर, एवढा आरंभ करता येईल. नमस्कार.