स्टँडखालचा वर्ग

(दृश्य: रिकामं स्टेडियम, दुपारचे पावणेचार. बाजूच्या लहान गेटाशी शाळेच्या गणवेशातली पंधरा मुलं.)

शनिवारी याच गेटाबाहेर रांगा लागतात. आज मंगळवार आहे आणि गेट उघडलंय ते या पंधरा जणांसाठी. सामना नाही, खेळाडूंच्या सह्या नाहीत. यांतल्या कुणाला अपूर्णांक छळतात, कुणाला चार ओळी लिहायच्या म्हटलं की पोटात दुखायला लागतं. शाळा सुटली की बस त्यांना थेट इथे आणते आणि पुढचे दोन तास ती पुन्हा शिकायला बसतात.

इंग्लंडमध्ये ही कल्पना १९९७ साली सरकारी योजना म्हणून उभी राहिली. नाव होतं ‘प्लेइंग फॉर सक्सेस’. शिक्षण खातं, स्थानिक शिक्षण प्रशासनं आणि फुटबॉल क्लब यांनी मिळून स्टेडियमच्या आतच अभ्यासकेंद्रं काढली. साधारण नऊ ते चौदा या वयातली, अभ्यासात मागे पडलेली मुलं आणि तीन विषय: वाचन-लेखन, गणित, संगणक. पुढे सरकारी निधी थांबला, पण केंद्र चालवायची रीत क्लबांच्या अंगवळणी पडली होती. प्राथमिक शाळांसाठी २०१७ मध्ये ‘प्रीमियर लीग प्रायमरी स्टार्स’ सुरू झालं, ते पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी.

(दृश्य: स्टँडखालचा लांब बोळ. दार उघडतं. संगणकांची रांग, भिंतीवर जर्सी.)

वर्ग असतो स्टँडच्या पोटात. पुष्कळदा खिडकीही नसते. तरी मुलं येतात, कारण दारावर क्लबचं चिन्ह आहे. मात्र हे आकर्षण तिसऱ्या आठवड्यापर्यंतच पुरतं. तोवर ड्रेसिंग रूम बघून झालेली असते, राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून फोटो काढून झालेले असतात. चौथ्या आठवड्याला मूल येतं ते इथे काहीतरी जमलं म्हणून. तसं काही जमलेलं नसेल तर त्याची जागा रिकामी दिसते.

म्हणून पहिल्या दिवशीची चाचणी जपून घ्यायची. मूल कुठे आहे हे कळल्याशिवाय शिकवता येत नाही, हे खरं. पण दारातून आल्याआल्या हातात प्रश्नपत्रिका पडली की शाळेतलं ‘मला येत नाही’ इथेही दप्तर टाकून बसतं. जाणती केंद्रं पहिल्या दिवशी मुलांना स्टँडमध्ये नेतात आणि अंदाज विचारतात: या बाजूला किती माणसं बसत असतील? एका ब्लॉकमध्ये रांगा २४, एका रांगेत खुर्च्या १८. मग ब्लॉक मोजा. कोण गुणाकार करतो, कोण अठरा-अठरा मिळवत जातो, कोण शेजाऱ्याच्या वहीत बघतो, हे शिक्षक बाजूला उभं राहून टिपून घेतात. चाचणी झाली, मुलांना पत्ता नाही. कोपऱ्यातल्या ब्लॉकमध्ये मात्र रांगा वर जाताना लांब होतात, तिथे सरळ गुणाकार फसतो. तो फसू द्यावा. ‘मग आता काय करायचं?’ हा प्रश्न मुलांकडूनच यायला हवा.

(दृश्य: मैदानाच्या कडेने मोजपट्टी धरून चालणारी मुलं. पलीकडे गवत कापण्याचं यंत्र.)

हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, हा इथला पहिला नियम. गवताची निगा राखणाऱ्यांचा शब्द प्रशिक्षकांनाही मोडता येत नाही. त्यामुळे मोजणी कडेने. नियमपुस्तकाप्रमाणे मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. मोठ्या स्टेडियममध्ये बहुतेकदा १०५ गुणिले ६८, म्हणजे ७१४० चौरस मीटर. इथे एक नेमका प्रश्न विचारावा: ९० गुणिले ९०चं मैदान चालेल का? दोन्ही आकडे मर्यादेत बसतात, म्हणून बहुतेक हात ‘हो’साठी वर जातात. पण बाजूची रेषा गोलरेषेपेक्षा लांब असली पाहिजे, असंही नियम सांगतो. तेव्हा चौरस बाद. अट नीट वाचणं म्हणजे काय, हे दहा शाब्दिक उदाहरणांनी कळत नाही, ते या एका प्रश्नात कळतं.

गोलची मापं ऐकून मुलं हमखास वैतागतात. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच? असले कसले आकडे! मग गज आणि फूट काढायचे. आठ गज रुंदी, आठ फूट उंची. गजाचे तीन फूट, म्हणजे रुंदी उंचीच्या बरोबर तिप्पट. दशांशांचा गुंता सुटून त्यातून साधं गुणोत्तर बाहेर येतं, तेव्हा वर्गात एक ‘अच्छा!’ ऐकू येतो.

(दृश्य: आतला हॉल. जमिनीवर पांढरी पट्टी. ११ मीटरवर दोन शंकू. एक मुलगी चेंडू ठेवते आहे.)

या केंद्रांतला सगळ्यात कसदार तास पेनल्टीचा. प्रश्न एवढाच: तुझ्या फटक्याचा वेग किती?

पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो. हॉलमध्ये तेवढं अंतर टेपने मोजून पट्टी चिकटवायची. टेप सैल सोडला की दहा-पंधरा सेंटिमीटर सहज वाढतात, म्हणून दोन्ही टोकांना एकेक जण आणि मध्ये बघायला तिसरा. चेंडू मऊ, फोमचा.

पहिल्यांदा मुलं स्टॉपवॉच मागतात. द्यावं. तिघांनी एकाच फटक्याची वेळ घेतली की तीन वेगळे आकडे येतात: ०.६, ०.८ आणि १.० सेकंद. वेग काढला की तोच फटका एकाच्या वहीत ताशी ६६ किलोमीटर असतो आणि दुसऱ्याच्या वहीत ४०च्याही खाली. भांडण ठरलेलं. ते दोन मिनिटं चालू द्यायचं आणि मग फूटपट्टी काढायची.

(दृश्य: जवळून. तीस सेंटिमीटरची पट्टी, खाली उघडी बोटं.)

एकाने पट्टी वर धरायची. दुसऱ्याने अंगठा आणि तर्जनी शून्याच्या रेघेशी उघडी ठेवायची, पट्टीला न लावता. न सांगता पट्टी सोडायची. पकडली तिथला आकडा वाचायचा. २० सेंटिमीटर आले तर डोळ्याने बघून बोटं मिटायला सुमारे ०.२ सेकंद लागले. गडबड दोन ठिकाणी होते. सोडणारा आधी श्वास घेतो किंवा हसतो, मग पकडणाऱ्याला सुगावा लागतो. नाहीतर बोटं आधीच पट्टीला टेकलेली असतात. पाच वेळा करून मधला आकडा घेतला की बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो.

आता स्टॉपवॉचचं भांडण मिटतं. बटण दाबतानाही हाच उशीर होतो, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, आणि दोन्ही उशीर सारखे नसतात. एका सेकंदाहून कमी वेळ मोजायचा आणि हाताची चूकच ०.२ सेकंदांची, असलं मोजमाप कामाचं नाही.

(दृश्य: तिकाटण्यावर टॅब्लेट, आडव्या बाजूने चित्रण. पडद्यावर एकेक फ्रेम पुढे सरकते.)

मग व्हिडिओ. टॅब्लेट बाजूला, तिकाटण्यावर, ठिपका आणि गोलरेषा दोन्ही दिसतील इतका लांब. साध्या चित्रणात सेकंदाला ३० फ्रेम. पाय चेंडूला लागला ती फ्रेम शून्य. तिथून चेंडू रेषेवर पोचेपर्यंत मोजायचं. २४ फ्रेम झाल्या तर २४ भागिले ३०, म्हणजे ०.८ सेकंद. ११ भागिले ०.८ म्हणजे सेकंदाला १३.७५ मीटर. त्याला ३.६ने गुणलं की ताशी ४९.५ किलोमीटर.

दोन चुका प्रत्येक तुकडीत होतात. पाय मागे गेला तिथूनच मोजायला सुरुवात केली की वेळ वाढतो आणि वेग उगाच कमी दिसतो. दुसरी चूक स्लो मोशनची. २४० फ्रेमने चित्रण करून ते संथ चालवलं की पडद्यावरचं घड्याळ आठपट वेळ दाखवतं, आणि एखादा मुलगा गंभीर चेहऱ्याने सांगतो की त्याचा फटका ताशी सहा किलोमीटर होता. चालणाऱ्या माणसापेक्षा जेमतेम जास्त! उत्तर शक्य कोटीतलं आहे का, हे बघायची सवय अशा वेळी लागते.

मोठ्या वयाच्या तुकडीसाठी पुढची पायरी. चेंडू सरळ न जाता खांबाच्या अगदी जवळ गेला तर अंतर ११ मीटर राहत नाही. गोलची निम्मी रुंदी ३.६६ मीटर, म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या. कर्ण ११.५९ मीटर येतो. पायथागोरस इथे कामासाठी येतो, म्हणून त्याच्यावर कुणी नाक मुरडत नाही.

व्यावसायिक खेळाडूचा ताशी १०० किलोमीटरचा फटका रेषेवर पोचायला सुमारे ०.४ सेकंद घेतो. पट्टीवाले ०.२ त्यातून वजा करा. गोलकीपर आधीच एका बाजूला झेप का घेतो, हे सांगायला शिक्षक लागत नाही.

(दृश्य: काळा-पांढरा चेंडू, शिवणींवर खडूच्या खुणा.)

चेंडूचा तास लहानसा, पण चेंडू जुन्या पद्धतीचा हवा. १९७०च्या विश्वचषकात वापरलेल्या चेंडूसारखा, ३२ तुकड्यांचा: १२ काळे पंचकोन, २० पांढरे षट्कोन. २०१४चा विश्वचषकाचा चेंडू सहाच तुकड्यांचा होता. तसला आणला तर तास फुकट जातो. शिवणी किती? बोटाने मोजता मोजता मुलं हटकून चुकतात. बारा पंचे साठ, वीस सख एकशेवीस, बेरीज १८०. प्रत्येक शिवण दोन तुकड्यांची सामाईक, म्हणून निम्म्या: ९०. मग खडूने खुणा करत पडताळून बघायचं.

(दृश्य: पत्रकार कक्ष. मायक्रोफोन, मागे जाहिरातींचा फलक.)

लेखनाची मात्र वेगळी अडचण. ‘सामन्याचा वृत्तांत लिहा’ म्हटलं की पहिल्या वाक्यात निकाल येतो आणि दुसरं वाक्य येतच नाही. म्हणून आधी बोलणं. गोलच्या आधीची एक मिनिटाची चित्रफीत आवाज बंद करून लावायची आणि मुलांनी समालोचन करायचं, ते ध्वनिमुद्रित करून. पहिल्या फेरीत ‘मारला, मारला, गोल!’ एवढंच निघतं. मग फळ्यावर क्रियापदं गोळा करायची: सरकवला, हुकवलं, अडवला, मुसंडी मारली. दुसरी फेरी आपोआप भरते. तेच ध्वनिमुद्रण ऐकत मुलं कागदावर उतरवतात, आणि एरवी चार ओळींवर अडणाऱ्याच्या हातून पान भरतं.

पत्रकार परिषदेत एक मूल व्यवस्थापक, बाकीचे वार्ताहर. ‘तुम्ही खूश आहात का?’ याला उत्तर मिळतं, ‘हो.’ संपलं! अशा दोन-तीन ‘हो’नंतर ‘का’ आणि ‘कसं’ने सुरू होणारे प्रश्न यायला लागतात.

या तासाला फुटबॉल न आवडणाऱ्या मुलांकडे लक्ष द्यावं लागतं. ती असतातच, आणि खेळातले जाणकार त्यांना बोलू देत नाहीत. त्यांना तिकीटविक्री, कार्यक्रमपत्रिकेची मांडणी, खेळाडूंच्या आहाराचं गणित अशी कामं दिली तर ती खुलतात. आणि नुसत्या कामपत्रिकेच्या कोपऱ्यात चेंडूचं चित्र छापलं म्हणून कुणी फसत नाही. ती कामपत्रिकाच राहते. मुलांना हे लगेच कळतं.

(दृश्य: कार्यालयातला फळा. सामन्यांचं वेळापत्रक, खोडून पुन्हा लिहिलेल्या तारखा.)

बाकी डोकेदुखी वेळापत्रकाची. सामन्याच्या दिवशी वर्ग नाही, आणि दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी सामने इकडचे तिकडे होतात. शाळा, बस आणि पालक, तिघांना कळवावं लागतं. एक जण राहिला तरी गेटाशी मुलं खोळंबतात. म्हणून सत्राच्या आराखड्यात एक-दोन दिवस मोकळे सोडलेले बरे. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची गुन्हेगारी नोंद तपासलेली असते. ज्यांच्या फोटोला पालकांची संमती नाही, त्यांची यादी कॅमेरा सुरू व्हायच्या आधी हातात हवी. आणि मोजदाद तीनदा: गेटाशी, वर्गात, परत बसमध्ये.

(दृश्य: संध्याकाळ. बस उभी आहे. शिक्षिका दाराशी बोटाने मोजते आहे.)

चौदा.

पुन्हा मोजणी. पंधरावा मुलगा हॉलमध्ये सापडतो, टॅब्लेटसमोर वाकलेला. २५वी फ्रेम की २४वी, हे त्याचं अजून ठरत नाहीये. एका फ्रेमने त्याचा वेग ताशी दोन किलोमीटरने घटतोय आणि ते त्याला मान्य नाही.