दिवा गेला, अंडी गेली

नमस्कार श्रोतेहो.

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आता रोजची झाली. द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, ट्रंकेतले स्वेटर बाहेर आले, आणि परसातल्या कोंबड्यांनी अंडी बंद केली. घरोघरी निदान एकच, कोंबडी गारठली. मग कोणी खुराड्यावर गोधडी टाकतं, कोणी बाजरीबरोबर लसूण चारतं. मी आधीच सांगून टाकते, अंडी बंद होण्यात थंडीपेक्षा अंधाराचा हात मोठा आहे. पुन्हा सांगते, थंडीपेक्षा अंधाराचा.

हे मला शिकवलं माझ्या आत्यानं, आणि तेही ग्रामसभेत.

आत्याचं घर निफाड तालुक्यात, विठ्ठल मंदिराला अगदी लागून. आत्या माळकरी, अंडं खाणं सोडा, हातात घेतलं तरी हात धुते. पण कोंबड्या नऊ. अंड्यांच्या पैशांवर तिची आषाढी वारी व्हायची. आणि गंमत अशी, की डिसेंबरात अख्ख्या गावात अंडं मिळेना झालं तरी आत्याकडे रोज चार-पाच ठरलेली. लोक म्हणायचे, देवाच्या सावलीतल्या कोंबड्या आहेत, त्यांना काय कमी! आत्याही मान डोलवायची. देवाचं नाव झालं तर तिला हवंच होतं.

आत्याचा हिशेब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. तारखेच्या चौकटीत वरच्या कोपऱ्यात दूध, खालच्या कोपऱ्यात अंडी. (जाता जाता सांगते, हल्ली हिशेबाला मोबाइलवर ॲप आलेत. माझ्याही फोनमध्ये दोन आहेत. गेल्या महिन्यात दूध किती झालं ते मला आजही सांगता येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरला तोड नाही.)

तर एका डिसेंबरात, उसाचा हंगाम जोरात असताना, रात्री एक भरलेली ट्रॉली देवळाच्या वळणावर कलंडली आणि तिनं विजेचा खांब वाकवला. त्या खांबावर ग्रामपंचायतीचा मोठा फोकस होता. फोकस गेला. आज दुरुस्त होईल, उद्या होईल, करता करता महिना गेला. इकडे आत्याच्या चौकटीतले आकडे उतरत चालले. पाच, चार, चार, तीन, दोन, मग नुसती रेघ.

२६ जानेवारीला ग्रामसभा. आमच्याकडे ग्रामसभेला झेंडावंदनानंतरच्या बुंदीपुरती गर्दी असते, विषय निघाला की माणसं हळूच चपला शोधतात. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. तेवढ्यात आत्या उठली. काखेत जुन्या वर्षाचं कॅलेंडर गुंडाळलेलं. म्हणाली, "सरपंच, देवळापुढचा दिवा गेला आन् माझी अंडीबी गेली. दिवा लावून द्या." अख्खी सभा हसली. एक जण म्हणाला, "आत्या, देव कोपला आसंल." आत्या म्हणाली, "कोपायचाच तर खांब पाडणाऱ्यावर कोपंल. माझ्या कोंबड्यांनी त्याचं काय घोडं मारलंय?"

त्या सभेला पशुधन पर्यवेक्षक आले होते, मानमोडीच्या, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या लशीचं सांगायला. ते हसले नाहीत. त्यांनी कॅलेंडर मागून घेतलं, खांब पडल्याची तारीख विचारली आणि त्या तारखेपासून बोट खाली खाली फिरवत नेलं. मग म्हणाले, "आजी बरोबर सांगतात. यांच्या कोंबड्यांना हिवाळा कधी कळतच नव्हता. खुराड्याच्या जाळीतून रात्रभर फोकस आत येत होता."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते. कोंबडीला उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही, तो तिच्या कवटीतून आरपार मेंदूपर्यंत पोचतो. दिवस मोठा असला की मेंदू अंडाशयाला चालना देतो, दिवस लहान होत गेला की हात आखडता घेतो. भरपूर अंड्यांसाठी तिला साधारण १४ तास उजेड लागतो. लक्षात ठेवा, १४ तास. आणि डिसेंबरात आपल्याकडे सूर्य असतो जेमतेम ११ तास. म्हणजे तीन तासांची तूट. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात ते खरं, पण कोंबडीला विजेच्या दिव्याचं तांबडंसुद्धा चालतं!

पर्यवेक्षक पुढे म्हणाले, रात्रभर फोकस नको, कोंबडीलाही झोप पाहिजे. पहाटे चारला खुराड्यात एक साधा बल्ब लावा, उजाडलं की बंद करा. आत्या काकडआरतीच्या सवयीनं चारला उठतेच. तिनं बटण दाबायला सुरुवात केली. फेब्रुवारीच्या मध्याला अंडी आली. खरं सांगायचं तर तोवर दिवसही वाढायला लागतो, तेव्हा सगळं श्रेय बल्बला देऊ नये. पण पुढच्या वर्षी तिनं दिवाळीपासूनच बल्ब लावला, आणि डिसेंबरातल्या एकाही चौकटीत रेघ नव्हती.

अरे, वेळ संपत आली. बाकीचं भरभर सांगते.

बल्ब पहाटेच लावा, संध्याकाळी नको. रात्री दिवा फटकन गेला तर कोंबड्या दांडीवर चढायच्या राहतात, अंधारात खालीच चाचपडतात. उजेड किती? खुराड्यात वर्तमानपत्र वाचता आलं की पुरे. वेळ मात्र रोज तीच ठेवा. भारनियमन असेल तर चार्जिंगचा बल्ब घ्या.

पाणी पहाटे कोमट द्या. गार पाणी कोंबडी कमी पिते, आणि अंड्याच्या आत चार भागांतले तीन भाग तर पाणीच असतं. संध्याकाळी भरडलेला मका द्या, रात्रभर ऊब राहते. शिंपल्याचा चुरा वाटीत वेगळा ठेवा. घरची टरफलं घालणार असाल तर भाजून, बारीक कुटून घाला, नाहीतर कोंबड्या स्वतःचीच अंडी फोडायला शिकतात. गोणपाट वाऱ्याच्या बाजूला बांधा, पण वरून हवा खेळू द्या. विष्ठेच्या वासानं डोळे चुरचुरले तर खुराडं कोंदलंय समजा.

पिसं झडत असतील, किंवा कोंबडी खुडूक असेल, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल, तर बल्बची घाई करू नका, तिला थांबू द्या. नव्या तलंगा, म्हणजे नुकत्याच वयात आलेल्या कोंबड्या, पहिल्या हिवाळ्यात बऱ्याचदा दिव्याशिवायही घालतात, म्हणून उन्हाळ्यात पिल्लं काढलेल्यांची यंदा मजा आहे.

आणि एक, शहरातल्या पाहुण्यांना सांगा, तपकिरी अंडं म्हणजे गावरान अंडं असं नसतं. टरफलाचा रंग जातीवर जातो. तपकिरी रंगाचे दुप्पट पैसे मोजणाऱ्यांचं मला नवल वाटतं, पण हा विषय काढला तर बातम्यांची वेळ होईल.

देवळापुढचा फोकस पुढे पाडव्याला लागला. आत्यानं त्याच दिवशी खुराड्याच्या त्या बाजूला गोणपाट बांधलं.

पुढच्या बुधवारी मानमोडीच्या लशीविषयी बोलू. नमस्कार.