थीटाचा 'हेटा'

[दृश्य: ऐरोली, रात्रीचे साडेदहा. पुसून घेतलेले जेवणाचे टेबल, त्यावर लॅपटॉप.]

दिवसा घणसोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या या बाई रात्री, घरातले सगळे आवरल्यावर, सेजमॅथ या मुक्तस्रोत गणिती सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनची डागडुजी करतात. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात नवे फंक्शन, म्हणजे एखादे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लिहायला उत्सुक माणसे सापडतात. जुन्या फंक्शनचे स्पष्टीकरण नीट करायला मात्र फारसे कोणी बसत नाही.

हे स्पष्टीकरण कोडच्या पोटातच असते. त्याला डॉकस्ट्रिंग म्हणतात. त्या एकाच मजकुरातून स्फिंक्स हे साधन वेबपान तयार करते आणि पीडीएफही तयार करते. शिवाय फंक्शनच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाइप केले, की तोच मजकूर टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, वाचता येतो. एकदा लिहावे आणि तीन ठिकाणी वाचले जावे, ही यामागची कल्पना आहे. ऑक्टेव्ह या दुसऱ्या मुक्तस्रोत गणिती सॉफ्टवेअरमध्ये डॉक्युमेंटेशन लिहिण्याची टेक्सइन्फो ही जुनी पद्धत आहे आणि तिथे पुष्कळदा एकच सूत्र दोनदा लिहावे लागते, एकदा छापील पानासाठी टेक्स या सूत्रे मांडण्याच्या भाषेत आणि एकदा साध्या अक्षरांत. अशा वेळी एक प्रत सुधारली जाते आणि दुसरी तशीच राहून जाते, हे सांगायला ज्योतिषी नको.

डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरणेही असतात. चाचणीचे साधन ती खरोखर चालवून पाहते आणि आलेले उत्तर खाली लिहिलेल्या उत्तराशी ताडून पाहते. दशांश अपूर्णांकाचा शेवटचा अंक यंत्रागणिक बदलू शकतो, म्हणून तेवढी सूट उदाहरणाशेजारीच नोंदवून ठेवता येते. त्यामुळे खोटे पडलेले उदाहरण फार दिवस लपत नाही. सूत्रांना मात्र असा पहारेकरी नाही.

[दृश्य: पडद्यावर पीडीएफचे एक पान. एक सूत्र मोठे होत जाते.]

या पानावर कोनाचे चिन्ह थीटा असायला हवे होते. त्याऐवजी तिरप्या वळणाची चार इंग्रजी अक्षरे दिसतात: एच, ई, टी, ए. लेखकाने टेक्सच्या पद्धतीने, आधी बॅकस्लॅश (\) देऊन, थीटा अचूक लिहिला होता: \theta. परंतु हा कोड ज्या भाषेत आहे त्या पायथॉनच्या साध्या अवतरणात बॅकस्लॅश आणि टी ही जोडी म्हणजे टॅब, म्हणून पायथॉनने ती जोडी गिळली आणि स्फिंक्सपर्यंत उरलेला 'हेटा' पोहोचला. बीटा, न्यू आणि ऱ्हो यांचीही हीच गत होते. लॅम्डा वाचतो, कारण बॅकस्लॅशनंतरच्या एलला पायथॉनमध्ये वेगळा अर्थ नाही, आणि पायथॉनच्या नव्या आवृत्त्या तर अशा जोडीबद्दल इशाराही देतात. टॅब ही वैध खूण असल्यामुळे थीटाच्या वेळी इशारा येत नाही, बिल्ड, म्हणजे पाने तयार करण्याची प्रक्रिया, थांबत नाही, उदाहरणांची चाचणीही सुरळीत पार पडते. चूक कळते ती केवळ पान डोळ्यांनी वाचणाऱ्याला.

उपाय एका अक्षराचा आहे. डॉकस्ट्रिंगच्या सुरुवातीच्या तीन अवतरणचिन्हांआधी 'आर' (r) लिहिला, की पायथॉन बॅकस्लॅशला हात लावत नाही.

बाई तो 'आर' टाइप करतात आणि डॉक्युमेंटेशनचा बिल्ड पुन्हा लावतात. बिल्ड चालू असताना त्या त्याच फाईलमधले पुढचे फंक्शन उघडतात. तिथल्या सूत्रात न्यू आहे, आणि अवतरणचिन्हांआधी काहीच नाही.