मुलाखतीचा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

तुरुंगातल्या माणसाला भेटण्याला आपल्याकडे ‘मुलाखत’ म्हणतात. त्यासाठी रात्रीच्या एसटीने निघून, आधारकार्डाची झेरॉक्स आणि धुतलेल्या कपड्यांची पिशवी सांभाळत सकाळी फाटकाशी बसलेल्या बायका येरवड्याला दिसतात, नागपूरला दिसतात, कोल्हापूरच्या कळंब्यालाही दिसतात. नाव पुकारले की आत जायचे. मध्ये काच, बोलायला इंटरकॉम. आई बोलत असेपर्यंत मूल काचेवर तळहात टेकवून उभे राहते आणि रिसीव्हर त्याच्या हाती येतो तेव्हा वेळ संपत आलेली असते.

ही भेट म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, हे मला आवर्जून सांगायचे आहे. फ्रान्सिस कोरॅली मुलिन ही ब्रिटिश महिला दिल्लीच्या तिहार कारागृहात स्थानबद्ध होती. तिच्या पाच वर्षांच्या मुलीला तिला महिन्यातून एकदाच भेटता येई. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्बंध रद्द केला, आठवड्यातून किमान दोन भेटी द्याव्यात असे सांगितले आणि कुटुंबीयांना भेटणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

तरीही कारागृहे राज्यांच्या अखत्यारीत असल्यामुळे कोणाला, किती दिवसांनी आणि किती वेळ भेटू द्यायचे, हे ज्या त्या राज्याची नियमावली ठरवते. पंजाबने २०२२ मध्ये चांगल्या वर्तणुकीच्या बंद्यांना जोडीदाराशी एकांतात भेटण्याची सोय केली. इथे हेही ध्यानात घ्यावे, की देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघे न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही, असे आहेत.

करोनाकाळात रुळलेल्या ई-मुलाकातीमुळे लांबच्या कुटुंबांचा प्रवासखर्च वाचतो, हे मान्यच केले पाहिजे. पण पडद्यावरच्या बापाच्या मांडीवर बसता येत नाही. महाराष्ट्राच्या कारागृहांनी ‘गळाभेट’ हा उपक्रम सुरू केला, तो यासाठीच मला मोलाचा वाटतो. त्यात काच नसते. मूल धावत येते, बाप त्याला उचलून घेतो, आणि कित्येकदा दोघांनाही पहिली काही मिनिटे बोलता येत नाही. असा दिवस अधूनमधून, कार्यक्रम म्हणून उगवू नये. तो नियमावलीत लिहिलेला असावा, शाळेच्या सुट्टीला धरून असावा आणि गावाकडच्या आईला एसटीच्या भाड्याची तजवीज करता येईल इतका आधी तिला कळवलेला असावा.