समोरासमोरच्या दोन भिंती

[दृश्य: मिलानमधलं सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिए, मठाचं जेवणघर]

या लांबट खोलीच्या दोन टोकांना दोन भव्य चित्रं आहेत. जवळपास एकाच काळातली. जग इथे येतं ते लिओनार्दो दा व्हिंचीचं 'द लास्ट सपर', म्हणजे येशूचं शिष्यांसोबतचं शेवटचं जेवण, बघायला. आपण मात्र समोरच्या भिंतीपासून सुरुवात करू.

[दृश्य: क्रुसाचं चित्र, हळूहळू जवळ]

येशूला क्रुसावर चढवल्याचा हा देखावा जोव्हानी दोनातो दा मोन्तोर्फानोने १४९५ मध्ये रंगवला. पद्धत जुनी आणि खात्रीची: फ्रेस्को. आधी चुना-वाळूचा जाडसर गिलावा. त्यावर बारीक गिलाव्याचा पातळ थर, पण दिवसभरात रंगवून होईल तेवढ्याच जागेवर. रंगाची पूड नुसत्या पाण्यात कालवायची आणि गिलावा ओला आहे तोवर लावायची. डिंक नाही, अंडं नाही, तेल नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, त्याची पुन्हा चुनखडी बनते आणि रंगाचे कण तिच्यातच अडकून राहतात.

अडचण वेळेची. हातात फक्त काही तास. चूक झाली तर तेवढा गिलावा खरवडायचा आणि पुन्हा नव्याने लावायचा. म्हणून फ्रेस्कोचा चित्रकार सगळं आधी ठरवून, आराखडा हातात घेऊनच भिंतीसमोर उभा राहतो. आकृत्यांच्या ठसठशीत कडा आणि स्वच्छ रंग येतात ते या शिस्तीतून.

[दृश्य: 'द लास्ट सपर']

लिओनार्दोला ही घाई मानवणारी नव्हती. उजेडातून सावलीत जाताना रेघ दिसू नये, एकावर एक पातळ थर देत चेहरा घडावा, अशी त्याची रीत. कथाकार मातेओ बान्देल्लोने लहानपणी त्याला इथे काम करताना पाहिलं होतं. तो लिहितो, की लिओनार्दो कधी सकाळपासून अंधार पडेपर्यंत खाणंपिणं विसरून रंगवायचा, कधी दिवसचे दिवस कुंचल्याला हात न लावता नुसता बघत राहायचा, तर कधी भर दुपारी येऊन एक-दोन फटकारे मारून निघून जायचा.

म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर अस्तर देऊन अंडं आणि तेल वापरून रंगवलं. (आपल्या अजिंठ्याची चित्रंही फ्रेस्को नाहीत, कोरड्या गिलाव्यावरचीच आहेत.) जेवणाच्या मेजावर बघा: मेजाशी बसलेल्यांच्या कपड्यांच्या रंगाचं प्रतिबिंब कथिलाच्या ताटांत पडलंय. ओल्या गिलाव्यावर, घड्याळाशी शर्यत लावून हे साधलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

पण रंग भिंतीत मुरलाच नव्हता. १५१७ मध्ये, लिओनार्दो जिवंत असतानाच, एका प्रवाशाने चित्र खराब होऊ लागल्याची नोंद केली. १६५२ मध्ये मठाने भिंतीत दार पाडलं, त्यात येशूचे पाय गेले. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात छत कोसळलं. वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ही भिंत तगली. पुढे पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन यांनी १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षं इंच-इंच साफ करत चित्र वाचवलं.

[दृश्य: क्रुसाच्या चित्राचा खालचा भाग]

ओल्यावरचा रंग टिकतो, कोरड्यावरचा जातो, याचा हा पुरावा तर एकाच भिंतीवरचा. मिलानचा ड्यूक लुदोविको स्फोर्झा आणि त्याच्या कुटुंबाच्या या आकृत्या मोन्तोर्फानोच्या चित्रात नंतर, कोरड्यावर घातल्या. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीच्या मते त्या लिओनार्दोच्याच. आज त्या जवळजवळ पुसल्या गेल्यात. शेजारचे मोन्तोर्फानोचे लोक मात्र रंग राखून आहेत.

[दृश्य: व्हेनिस, कालवे]

लिओनार्दोला हवा होता तो निवांतपणा पुढे व्हेनिसमध्ये कापडावर मिळाला. इथल्या खाऱ्या, दमट हवेत फ्रेस्को टिकेना, म्हणून चित्रकार ताणलेल्या कॅनव्हासवर तैलरंगांकडे वळले. तेल सावकाश सुकतं, हवं तितक्या वेळा बदल करू देतं. टिशियन तर अर्धवट चित्र भिंतीकडे तोंड करून महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा, मग एखाद्या शत्रूकडे बघावं तसं ते तपासायचा आणि शेवटचे हात बऱ्याचदा बोटांनीच फिरवायचा.